बॅकयार्डातलं भेटकलम

हॅमिल्टनच्या आमच्या घरामागे एल्मचं एक मोठं झाड होतं. घर घेतलं तेव्हापासून होतं, पण आम्हा नवराबायकोंपैकी कुणालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. दर ऑक्टोबरात त्याची पानं गोळा करता करता कंबर मोडायची, तेव्हा मी त्याला जी नावं ठेवत असे ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. पानं तळहाताला पॉलिशपेपरसारखी खरखरीत लागायची, एवढीच त्याची ओळख.

त्याची महती कळली ती ते मरायला टेकल्यावर. एका हिवाळ्यात पाऊस फांद्यांवर पडता पडताच गोठला आणि त्या ओझ्यानं खोड दुबेळक्यातून उभं चिरलं. मे महिन्यात झाडं तपासणारा माणूस आला. हे शेजाऱ्यांच्या गराजवर पडणार, सप्टेंबरात काढावं लागेल, म्हणाला. जाता जाता त्यानं एक पान हातात धरून उलटसुलट पाहिलं आणि विद्यापीठात कुणाला तरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. एल्म वाचवण्याचं काम करणारी.

तिनं सांगितलं ते असं. इथला मूळचा लाल एल्म आणि आशियातून आणलेला सायबेरियन एल्म यांचा हा संकर. याच भागातल्या एका रोपवाटिकेनं तो वाढवला आणि आजूबाजूच्या गावांत विकला. रोपवाटिका कधीच बंद पडली. बुरशीच्या रोगानं साधे एल्म गेले, हा काटक म्हणून तगला. पण रोगातून वाचला तो वादळांत आणि नव्या बांधकामांत सापडला. जवळच्या मिल्टन गावाच्या बाजूला होते त्यांच्या जागी आता घरांच्या रांगा आहेत. उरलेली झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं एक आमचं. बी लावून उपयोग नाही, म्हणाली, रोप कुणावर जाईल सांगता येत नाही. म्हणून तिनं मुळं फुटतात का पाहायला कोवळ्या डहाळ्या कापून नेल्या.

"मी याचं भेटकलम बांधतो," माझा नवरा तिला म्हणाला.

नवरा हाडांचा सर्जन, आता रिटायर्ड. (तोंडावर मी अहोजाहो करते. कागदावर अरेतुरे चालतं.) जन्म रत्नागिरीकडचा. वडिलांची आंब्याची बाग होती, कलमं वडील स्वतः बांधायचे. हा इथे ऑपरेशनं करत असताना भावांनी ती बाग विकली आणि यानं इथूनच सही पाठवली. त्या विषयावर तो कधीही बोलत नाही. हापूसच्या पेटीला इंडियन ग्रोसरीत हात लावत नाही, त्यावरून काय ते समजायचं.

भेटकलम म्हणजे काय हे मलाही त्याच दिवशी कळलं, मी नागपूरची. बाठीपासून आपोआप उगवलेलं, जातकुळी नसलेलं जे आंब्याचं रोप असतं त्याला रायवळ म्हणतात. त्याची कुंडी चांगल्या झाडाजवळ उंचावर न्यायची. रोपाचं खोड आणि झाडाची फांदी, दोन्हीची साल एकेका बाजूनं तासायची आणि जखमेला जखम लावून घट्ट बांधायचं. दोघंही आपापल्या मुळांवर जगत राहतात. एकजीव झाले, की झाडाकडून फांदी तोडायची आणि रोपाचा शेंडा उडवायचा. खाली रायवळ, वर हापूस.

इथे रायवळाच्या जागी सायबेरियन एल्म. ती रोपं कुंपणालगत तणासारखी उगवतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. यानं चार कुंड्या भरल्या, लाकडी घडवंचीवर चढवल्या, आणि वयाची पंचाहत्तरी उलटलेला हा माणूस शिडीवर उभा राहून क्रेप बँडेज गुंडाळायला लागला.

"अहो, पडाल. तुमचं हिप रिप्लेस करायला तुम्ही स्वतः आता हॉस्पिटलात नाही."

"अगं, तू लॅडर धर. कॉमेंट्री नको."

सप्टेंबरात झाड कापायला माणसं यायच्या आदल्या दिवशी त्यानं चारही कलमं तोडून खाली घेतली. जुळलीत का, म्हणून मी विचारलं. बँडेज ओपन करून बघायचं नसतं, असं उत्तर मिळालं. मग झाड गेलं. बुंधासुद्धा यंत्रानं भुगा करून काढला. आमच्या स्वयंपाकघरात एकाएकी इतका उजेड आला, की मला कपाटांवरची धूळ दिसायला लागली.

कुंड्यांनी हिवाळा गराजमध्ये काढला. स्प्रिंगमध्ये तीन वाळल्या, चौथीला पानं फुटली. घोडं एकदाचं गंगेत न्हालं! नवऱ्यानं ते रोप जुन्या बुंध्याच्या जागेजवळ लावलं, सशांसाठी भोवती जाळी ठोकली आणि गणपतीत मंडळात सगळ्यांना फोनवर त्याचे फोटो दाखवले. त्या मुलीचा फोन आला की तिच्या एकाही डहाळीला मुळं फुटली नाहीत. म्हणजे सगळी भिस्त आमच्या कलमावर. हे ऐकून त्याची मान जी ताठ झाली ती तशीच राहिली.

झाड गेल्यापासून लॉनमध्ये जागोजागी कोंब येत होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या न्यायानं तो दर शनिवारी मोअर घेऊन त्यांच्यावर तुटून पडायचा. "सगळे वीड्स. माझ्या कलमाचं न्यूट्रिशन खातात." शेडच्या मागे मोअर जात नाही. तिथे एक कोंब माझ्या खांद्याएवढा वाढला आणि मी त्यावर घेवडा चढवला. तो कापून टाक म्हणून मला दोनतीनदा सांगून झालं. घेवड्याला आधार लागतो, मी काढणार नाही, असं मीही तितक्याच वेळा सांगितलं.

यंदा जूनमध्ये ती मुलगी कलम पाहायला आली. त्या सकाळी नवऱ्यानं पाहुणी यायची म्हणून लॉन खास बारीक कापलं होतं. ती जाळीपाशी वाकली. एक पान बोटांत धरून चोळलं, मग दुसरं. मग ऊन किती वेळ येतं, पाणी किती घालता, असं काहीबाही विचारू लागली. नवरा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"सांगून टाक," तो तिला इंग्रजीत म्हणाला. "आयुष्यभर मी लोकांना अशाच बातम्या दिल्यात. तोंड बघून कळतं मला."

"पानं गुळगुळीत आहेत, डॉक्टर," ती म्हणाली.

तो घरात जाऊन बँडेज कापायची कात्री घेऊन आला. गुडघ्यावर बसून त्यानं पट्टी उलगडली. वरची काडी वाळून कोळ झाली होती, त्याच्या हातात सुटून आली. सगळी पानं पट्टीच्या खालून फुटलेली.

"रायवळ," तो मला म्हणाला.

मी त्या रोपावरून त्याची थट्टा करायची काही बाकी ठेवली नव्हती. पण त्या वेळी मला फार वाईट वाटलं. ती काडी हिरवी निघावी म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.

कुठे बघावं ते मुलीला कळेना, म्हणून ती लॉनकडे बघू लागली. मग तिथेच उकिडवी बसली. गवतात सकाळी कापलेल्या कोंबांची खुंटं होती. हे काय, तिनं विचारलं. वीड्स, नवरा म्हणाला. तिनं एका खुंटाला उरलेलं अर्धं पान चोळलं आणि सावकाश सांगितलं, की एल्मच्या मुळांतून असे कोंब फुटतात. बुंधा काढला म्हणजे मुळंही गेली, असं ती धरून चालली होती. हे कोंब म्हणजे तेच झाड. त्याला कलमाची गरजच नव्हती.

नवऱ्यानं आपल्या गुळगुळीत लॉनवर एकदा इकडून तिकडे नजर फिरवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्या अगदी ओठांवर आली होती. गिळली. दोघांना म्हटलं, शेडच्या मागे चला.

तो कोंब आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय. गेल्या वर्षीचा घेवड्याचा वाळका वेल अजून त्याला गुंडाळलेला होता. मुलीनं पान चोळलं आणि हसली. नवऱ्यानं तळहातावर घासून पाहिलं. मीही पाहिलं. खरखरीत.

"हेच?" त्यानं विचारलं.

"हेच झाड," ती म्हणाली.

कात्री त्याच्या हातात होतीच. लहान मुलांचं प्लास्टर काढायचा तसा तो एकेक वेढा जपून कापत वाळका वेल सोडवू लागला. मुलगी फोटो काढायला मागे सरकली. तो माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाला, "तेव्हा मी सही करायला नको होती गं."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा बोलला.

"घेवडा यंदा मी दुसरीकडे लावते," मी म्हटलं.