घशात अडणारा क

ब्रह्मदेशातली लढाई संपत आली होती तेव्हा मी नगरच्या कॅम्पात एका लष्करी दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, टाके काढणं हे माझं काम. आमच्या वॉर्डात पश्चिम आफ्रिकेतला एक शिपाई आला. मानेत बॉम्बची कपची घुसलेली. ती काढून जखम शिवलेली होती आणि छान भरत आली होती. तो त्याच्या मुलखातली हौसा भाषा बोलायचा, शिवाय कामापुरतं फौजी हिंदुस्तानी. मीही मुसलमान आहे हे कळल्यापासून रोज सकाळी आधी सलाम करायचा आणि मग मान पुढे करायचा.

आमचे डॉक्टर पुण्याकडचे, हाताला यश असलेले. एकदा त्यांनी त्याला त्याच्याच पलटणीतल्या एका शिपायाशी बोलताना ऐकलं. बोलता बोलता त्याचा आवाज मध्येच तुटायचा आणि कंठमणी वर उडायचा.

"आत काहीतरी अडतंय," डॉक्टर मला म्हणाले. "सोमवारी घसा उघडून बघू."

मला ते पटेना. माझे वडील तिसगावच्या मशिदीत मुलांना कुराण शिकवायचे. कोणतं अक्षर ओठांतून निघतं, कोणतं टाळूपासून, कोणतं घशाच्या तळातून, हे त्यांनी माझ्याकडून लहानपणीच घोटून घेतलं होतं. त्यामुळे कोणी बोलायला लागलं की माझं लक्ष आधी त्याच्या घशाकडे जातं.

पट्टी बदलताना मी शिपायाला एकेक शब्द विचारू लागलो. तोंडाकडे बोट केलं. तो म्हणाला, "बाकी." आपल्या बाकीसारखंच, सरळ. मग भेटीला आलेल्या माणसांकडे बोट केलं. पाहुण्यांनाही तो 'बाकी'च म्हणाला, पण यातला क बाटलीचं बूच निघावं तसा फट्‌कन सुटला आणि कंठमणी उडाला. मी दहादा विचारलं. तोंडाला कधी अडलं नाही, पाहुण्यांना दर वेळी अडलं. दुखरा घसा काही शब्द बघून अडत नाही. माझी खात्री झाली.

त्याने माझी बोटं आपल्या गळ्यावर ठेवून घेतली. जड पोतं उचलताना आपण श्वास कोंडतो, तसा तो आधी घसा बंद करत होता. जीभ मागे टाळूला टेकलेली. मग कोंडलेल्या हवेसकट गळा वर जायचा आणि जीभ सुटायची. त्याच्या भाषेतल्या एका ब ची तऱ्हा याच्या उलट होती. ओठ मिटलेले, आवाज चालू आणि गळा खाली. मी ओठांपुढे कापसाचा धागा धरला. माझ्या भ ने तो लांब उडाला. त्याच्या त्या ब ने धागा ओठांकडे ओढला गेला.

शनिवारी मी डॉक्टरांकडे गेलो. "साहेब, त्याच्या घशात काही अडत नाही. ते त्याच्या भाषेतलं अक्षर आहे."

"तू ड्रेसर आहेस ना?"

"हो साहेब. म्हणूनच रोज तो गळा बघतो. पाच मिनिटं द्या, दाखवतो."

त्याच्या पलटणीतल्या त्या सोबत्याला आम्ही पाठमोरं बसवलं. मी शिपायाला कधी तोंड दाखवायचो, कधी पाहुण्यांसाठी दार. तो शब्द उच्चारायचा आणि सोबती ऐकून आपल्या तोंडाकडे किंवा दाराकडे बोट करायचा. वीस वेळा केलं. एकदाही चुकलं नाही. डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी स्वतः त्याच्या गळ्याला बोटं लावली.

"परत म्हण," ते म्हणाले.

तो म्हणाला. डॉक्टरांनीही करून पाहिलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला. दोघे शिपाई तोंडावर हात ठेवून हसले. सोमवारचं ऑपरेशन रद्द झालं.

पुढच्या तीन आठवड्यांत तो क मला साधला. आधी मी नुसता खोकल्यासारखा आवाज काढायचो आणि तो मान हलवायचा. एका सकाळी बरोबर निघाला. त्याने सलाम ठोकला. बदल्यात मी त्याला ळ शिकवायला गेलो, तर 'केळं' त्याच्या तोंडून 'केलं'च राहिलं. डिस्चार्ज मिळाल्यावर तो ट्रकने स्टेशनवर गेला. पुढे त्याची खबर कळली नाही.

त्यानंतर एकदा डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. समोर एक सिंधी हवालदार बसला होता, गळा सुजलेला. "आधी हा बोलतो कसा ते ऐक," ते म्हणाले. त्याच्याही एका ब ने हवा आत जात होती.

"साहेब, हा ब त्याच्या सिंधीतलाच आहे," मी म्हणालो. "पण गिळताना तो डोळे मिटतोय, ते खरं दुखणं आहे."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी चीर दिली. वाटीभर पू निघाला आणि संध्याकाळी हवालदाराने चहा मागितला.