खणाखालचा डबा

माझं काम काय ते सांगितलं की लोक दोन गोष्टी विचारतात. वकील असून कोर्टात का जात नाही, आणि सरकारी नोकरीत असून एवढं बोलता कशा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नाशिकमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी विधी अधिकारी आहे. शास्त्रज्ञ काही नवं शोधतात, ते कुणाला आणि कोणत्या अटींवर वापरायला द्यायचं, त्यावर हक्क कुणाचा, याचे करारनामे मी करते. भांडण कोर्टापर्यंत जाऊच नये यासाठी सरकार मला पगार देतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या सासूबाई परस्पर देतात, "लग्नाआधीपासून अशीच आहे ती."

करारनामा म्हणजे रुक्ष कारभार असं सगळ्यांना वाटतं. वाटू दे. माझ्या टेबलावर आजवर द्राक्षाच्या बिया आल्या, ड्रोनचा मोडका पंखा आला, आणि एकदा बाटलीत भरलेली माती आली, जिचा मालक कोण यावर दोन विद्वान गृहस्थ अडीच तास भांडले. इतकी करमणूक मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळाली असती असं वाटत नाही.

पण सांगायचं आहे ते डब्याबद्दल.

आमच्या संस्थेतल्या एका शास्त्रज्ञ बाई सहा वर्षं एका डब्यामागे होत्या. शेतकरी कांदे साठवतात त्या कांदाचाळीत टांगायचा डबा. चाळीतला एखादा कांदा सडू लागला की माणसाच्या नाकाला कळायच्या आधी त्याला कळायचं आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जायचा. बाहेरून बघितलं तर पोळ्यांचा डबा, भोकं पाडलेला. सगळी करामत आत होती, आतल्या नळीच्या आणि वायरींच्या मांडणीत. त्या मांडणीचं पेटंट घ्यायचं होतं. पेटंटचा नियम असा, की अर्ज दाखल व्हायच्या आधी ती वस्तू चारचौघांत उघडून दाखवली, तर ती नवी राहत नाही. मग सहा वर्षं काय आणि साठ वर्षं काय, सगळं पाण्यात.

अर्जाआधी एका खऱ्या चाळीत हंगामभर चाचणी हवी होती. त्यासाठी सटाण्याजवळच्या एका गावातले शेतकरी तयार झाले. साठी ओलांडलेले, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. दोन चाळी, एक ट्रॅक्टर, आणि मोबाइलवर रोज सकाळी न चुकता बदलणारं स्टेटस. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी आणि बाई करारनामा घेऊन त्यांच्याकडे गेलो.

करारनामा इंग्रजीत होता. सही कुठे करायची ते दाखवून मी तासाभरात परत निघू शकले असते. पण मी वाढले एकलहऱ्याच्या वसाहतीत. माझे वडील वीज केंद्रात होते. तिथे दुरुस्तीला हात लावण्याआधी फिटरला परमिट द्यावं लागतं, म्हणजे काय बंद केलंय आणि कशाला हात लावायचा नाही याचा कागद. बाकीचे साहेब परमिटवर नुसती सही घेत. वडील ते फिटरला त्याच्या भाषेत मोठ्यांदा वाचून दाखवत आणि मग त्याच्याकडून वदवून घेत. घरीही तेच. सहलीच्या परवानगीचा कागद मला वाचून दाखवायला लावत, तेव्हा मला भयंकर राग यायचा. आता मी तेच करते.

म्हणून आबांच्या ओट्यावर बसून मी सगळं मराठीत सांगितलं. डबा संस्थेचा, चाळ तुमची, नोंदी दोघांच्या. डबा उघडायचा नाही, आत काय आहे ते कुणाला दाखवायचं नाही.

आबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि अहिराणीत विचारलं, "कोनलेच दखाडानं नही? बायकोले बी नही?"

"नाही, आबा. बाहेरून कुणीही बघू दे. आतलं मात्र कुणी म्हणजे कुणीच नाही."

"कोनीच म्हंजे कोनीच नही," असं त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं आणि ऐटीत सही केली.

डबा गुणी निघाला. पावसाळ्यात त्याने तीनदा निरोप पाठवला आणि तिन्ही वेळा आबांना सांगितल्या जागी सडका कांदा सापडला. बाई प्रत्येक वेळी माझ्या खोलीत येऊन पेढा ठेवून जायच्या. दिवाळीआधी अर्ज दाखल करायचा असं ठरलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा हातात पेढा नव्हता, मोबाइल होता. आबांचं स्टेटस. ओट्यावर अवजारांची पूजा मांडलेली. ट्रॅक्टर धुऊन पुसून उभा, बॉनेट उघडं, इंजिनाला हळदकुंकू. फवारणी पंपाचं झाकण काढलेलं. विळे, पाण्याची मोटर, झेंडूचे ढीग, हिरव्या खणाची ओटी, नारळ. आणि एका कडेला, स्वस्तिक काढून, आमच्या डब्याचं झाकण. नुसतं झाकण. मागे निम्मं गाव हात जोडून उभं.

त्या भागातली ही रीत मला माहीत होती. दसऱ्याला अवजार बाहेरून पुजत नाहीत. उघडतात, आतून पुसतात आणि आतच कुंकू लावतात, कारण राबतं ते आतलं. किती सुंदर रीत. त्या क्षणी मात्र मी फोटोत डब्याचा बाकीचा भाग शोधत होते.

"करारात अट आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आहे," असं ठणकावून सांगत मी फाइल उघडली. आणि अट नव्हती. गोपनीयतेचं पान आमच्याकडे परिशिष्ट म्हणून वेगळं जोडतात. मी हा करारनामा ज्या जुन्या नमुन्यावरून केला होता तो वजनकाटे भाड्याने घेण्याचा होता, आणि तिथे त्या परिशिष्टापुढे लिहिलं होतं, 'लागू नाही'. वजनकाट्यात कसलं आलंय गुपित. मी सगळं बदललं, नावं, तारखा, वस्तू, आणि ते दोन शब्द तसेच ठेवले. सगळ्या जगाचे कागद वाचून दाखवणारी मी, स्वतःचा वाचला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आबांनी डबा भर बाजारात उघडला असता तरी कागदाने त्यांना अडवलं नसतं.

मी बाईंना तिथल्या तिथे सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "गाडी सांगते."

सोग्रस फाट्याला सटाण्याकडे वळेपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. माझ्या पर्समध्ये ते राहिलेलं पान होतं, छापून घेतलेलं, आणि ते घेऊन जायची मला लाज वाटत होती.

आबा ओट्यावरच होते. पूजा अजून तशीच मांडलेली. मी चपला काढायच्या आधी विचारलं, "आबा, डबा उघडलात?"

"व्हय, उघडा मी," ते आनंदाने म्हणाले. "दसराले बठ्ठी अवजारं उघडीसन पुजतस आम्ही. त्या डब्बानी इतकी चाकरी करी, त्याले कसं सोडानं?"

बाई ओट्याच्या पायरीवर बसल्या.

"आणि गावाने पाहिलं?"

"कोनी? नही, नही." आबा उठले आणि हिरव्या खणाच्या ओटीपाशी गेले. फोटोत मला ओटी वाटली ती ओटी नव्हतीच. खणाखाली डबा होता, चारी बाजूंनी नीट झाकलेला. वर नारळ ठेवला होता, खण वाऱ्याने उडू नये म्हणून. "आधी मी खण टाका वर, मंग खालतून झाकण काढं. आन हात मझार घालीसन कुंकू लावं."

"तुम्ही तरी पाहिलंत?"

आबांना माझी कीव आली असावी. "मी कसं पाहू? तुम्हीच सांगेल व्हतं ना ताई, कोनीच म्हंजे कोनीच नही. डोया झाकी लिधात." त्यांनी डोळे गच्च मिटून दाखवले.

बाईंनी पाठ गावाकडे करून खणाखाली डोकं घातलं. मोबाइलच्या उजेडात एकेक वायर तपासली. मग त्यांचे खांदे हलू लागले. रडतात की काय म्हणून मी वाकले, तर त्या हसत होत्या. कुंकवाचं बोट नळीला लागलं नव्हतं की कुठल्या महत्त्वाच्या भागाला. ते बॅटरीच्या वायरीवर होतं, तिथून घसरत डब्याच्या कोपऱ्यात गेलं होतं, आणि सगळ्या अक्षता छोट्या पंख्यात अडकल्या होत्या. डोळे उघडे असलेल्या माणसाकडून इतकं चुकीच्या जागी कुंकू लागूच शकत नव्हतं. मग मीही हसू लागले. सकाळपासून कोंडलेली भीती त्या हसण्यातून बाहेर पडली आणि डोळ्यांतून पाणी आलं ते वेगळंच.

मी आबांना खरं सांगितलं. ती अट कागदावर नव्हती, चूक माझी होती, तुम्ही उघडून दाखवला असतात तरी तुमच्याकडे बोट दाखवता आलं नसतं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. कागदात काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंच नव्हतं, त्यांनी मला ऐकलं होतं.

मी ते पान काढलं, पुन्हा मोठ्यांदा वाचलं. आबा सही करता करता थांबले. "मन्ही बी एक अट लिखा. काम व्हयनं का मंग गावले उघडीसन दखाडानं. बठ्ठा इचारतस, आबाना डब्बामा काय शे."

सरकारी कागदावर हाताने काही लिहायची आमच्याकडे पद्धत नाही. मी लिहिलं. पेटंटचा अर्ज दाखल होऊन प्रसिद्ध झाल्यावर संस्था हा डबा गावासमोर उघडून दाखवील. खाली तिघांनी सह्या केल्या. नाशिकला परतल्यावर वरिष्ठांना माझी चूक लेखी कळवली. त्यांनी दोनदा वाचलं, हाताने लिहिलेल्या ओळीवर जरा थांबले आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे तुमचं."

अर्ज दिवाळीआधी दाखल झाला. लवकर प्रसिद्धीची वेगळी विनंती केल्यामुळे पुढे तो वर्षाच्या आत प्रसिद्धही झाला, आणि पुढच्या दसऱ्याला करारातली अट पाळायला आम्ही दोघी सटाण्याकडे निघालो. या खेपेला जाताना दोघींची तोंडं एकदाही बंद नव्हती.

ओट्यासमोर सगळं गाव जमलं होतं. बाईंनी खण बाजूला केला आणि झाकण काढलं. पण पुढे कुणी आलं नाही. सगळे आबांकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन हंगाम हा डबा डोक्यावर टांगून वावरलेल्या या माणसाने आत काय आहे ते अजून पाहिलेलं नव्हतं.

आबा वाकले. टोपी सावरून बराच वेळ बघत राहिले.

"इतलंच शे?" ते म्हणाले.

गाव हसलं, बाई सगळ्यांत जोरात हसल्या. मग आबांनी कुंकवात बोट बुडवलं, आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून, बरोबर नळीच्या मधोमध टेकवलं. सहा वर्षं त्या नळीला धुळीचा कण लागू न देणाऱ्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले.