साळवेसाहेबांचा बलियाल

धाटावच्या केमिकल कंपनीत पंचवीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. कंपनीच्या वासासारखे तेही कपड्यांना चिकटून घरी येतात. माझ्याकडचे निम्मे तर एकाच शब्दाचे आहेत.

शब्द आमच्या शिफ्ट इन्चार्जचा. साळवेसाहेब नगरकडचे ख्रिस्ती, तोंडात शिवी नाही. फारच चिडले तर म्हणायचे, "बलियाल." बायबलातला शब्द, दुष्ट माणसासाठी, एवढंच आम्हाला ठाऊक. आम्ही तो उचलला आणि वाटेल त्याला लावू लागलो.

*

एकदा एकजण पिऊन ड्यूटीवर आला. मी रुबाबात म्हटलं, "साहेब, बलियाल आला."

"तो दारुडा आहे," साहेब म्हणाले. "रोह्याच्या बसमध्ये बसवून दे त्याला."

*

जेवणाच्या डब्यातून तांब्याची तार नेताना एक सापडला. आम्ही सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघत उभे.

"चोर," साहेब म्हणाले.

आमच्यातला पेणचा म्हात्रे हिरमुसला. "मंग बलियाल व्हायला मानसानं करायचं तरी काय?"

*

उत्तर पावसाळ्यात मिळालं. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी चढलं आणि पुढच्या शिफ्टची बस अडकली. इकडे रिअ‍ॅक्टर तापत होता, आणि त्याच्यावरचा ऑपरेटर आपली वेळ संपली म्हणून न सांगता निघून गेला होता. साहेबांनी धावत जाऊन थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. तापमानाचा काटा खाली येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

मग ते म्हणाले, "निघून गेला तो बलियाल. कुणी त्याचा अर्थ कवडीमोल असा सांगतात. आमच्या चर्चचे पाळक सांगायचे, ज्याच्या मानेवर जू नाही तो. दुसऱ्याच्या जिवाचा भार जो घेत नाही, तो."

*

हा शेवटचा मी क्वचित सांगतो.

टाकी साफ करायला उतरणाऱ्याने आपल्या नावाचा बिल्ला आतला माल ढवळणाऱ्या पंख्याच्या स्विचला दोरीने अडकवायचा आणि वर आल्यावर स्वतःच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. नियम साहेबांचाच.

त्या दुपारी म्हात्रे आत होता. टाकी सुरू करा म्हणून मॅनेजरचा तिसरा फोन आला. साहेबांनी कॅन्टीनच्या रांगेत म्हात्र्याचं हेल्मेट पाहिलं होतं. तो वर आलाय असं त्यांना वाटलं; हेल्मेट त्याने दुसऱ्याला दिलंय, हे माहीत नव्हतं. टाकीत हाक मारली, ओ आली नाही. त्यांनी बिल्ला काढला आणि बोट बटणावर नेलं.

तेवढ्यात आतून खरवडल्याचा आवाज आला. मी साहेबांचा हात धरला.

म्हात्रे वर आला. साहेबांच्या हातातला आपला बिल्ला त्याने पाहिला. साहेब मला म्हणाले, "लॉगबुकात लिही. बलियाल. पुढे माझं नाव."

माझ्याच्याने लिहवलं नाही. त्यांनीच लिहिलं.

जेवून म्हात्रे परत आला. टाकी अर्धी राहिली होती. त्याने बिल्ला स्विचला लावला नाही, दोरीसकट साहेबांच्या गळ्यात घातला.

"आज हितंच ऱ्हाऊं दे," म्हणाला आणि आत उतरला.

साहेब स्विचला पाठ लावून, तो वर येईपर्यंत तिथेच उभे राहिले.