आक्काच्या पंचांगातले काळे ठिपके

‘आक्का गेली, ताबडतोब निघावे’ एवढीच मेहुण्यांची तार होती. नाशिक रोडला उतरून टांग्याने पंचवटीत पोचलो, तेव्हा ओसरीवर आक्काचे सासरे कुणाला तरी सांगत होते, "साधं नखुर्डं चिघळलं हो. देवाची इच्छा." मी डॉक्टर आहे. ते नखुर्डे नव्हते, आणि देवाला यात ओढायचे काही कारण नाही. पाच आठवडे झाले, माझा राग उतरत नाही.

थंडी पडली की माझ्या या थोरल्या बहिणीची बोटे आधी पांढरीफटक, मग निळी पडत. ऊब मिळाली की लाल होऊन ठणकत. सुई टोचली तरी तिला कळायचे नाही... पण बाजूला बसण्याचे दिवस आले की घोंगडीवर निजायचे आणि पहाटे गोदेच्या गार पाण्यात आपले लुगडे आपणच धुवायचे, हा नेम पौषातही चुकला नाही. घरात बंबात पाणी तापत असे, बाकीच्यांसाठी. यंदा एक बोट टोकाला काळे पडले. पोटीस बांधून धुणे चालूच राहिले, आणि विष अंगभर पसरले.

आक्का चौथीपर्यंतच शिकलेली, पण नजर पक्की. बोटे पांढरी पडली की पंचांगात त्या दिवशी काजळाचा ठिपका देई, बाजूला बसली की कुंकवाचा. मी मुंबईला डॉक्टरकी शिकत होतो तेव्हा तिने मला दाखवले होते. "बघ रे बाळू, लाल ठिपक्याच्या आधी काळ्यांची गर्दी. आणि पोटात बाळ असलं की बोटं कशी शहाण्यासारखी वागतात. ही पानं कोरी." गावातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांनी ते पंचांग उघडलेसुद्धा नाही. "बायकांच्या मनाचे खेळ," म्हणाले. आणि मी? मी हसलो. "आक्का, बोटांचा आणि त्या दिवसांचा काय संबंध?" ती पंचांग मिटून उठली. पुढे माझ्याच पुस्तकात वाचले, हा विकार बायकांत जास्त आढळतो. का, ते लिहिलेले नव्हते. लिहिणाऱ्याने असले पंचांग पाहिले नसेल. मी पाहिले होते, तरी गप्प बसलो.

हे असले वर्तमानपत्रात लिहू नये, असे वडीलधाऱ्यांनी मला बजावले. म्हणूनच लिहितो आहे.

तिची सगळी पंचांगे आता माझ्या टेबलावर असतात. शेवटच्यात पौषाच्या पानावर काळ्या ठिपक्यांना जागा उरलेली नाही. पुढे माघ, फाल्गुन कोरे. याआधी दोनदा अशी कोरी पाने आली, ती तिच्या बाळांनी तिला दिली होती. ही आम्ही दिली.