उजवीकडे न पाहणारे आमचे साडू

मैदानाला दोन बाजू असतात, ही गोष्ट आमच्या थोरल्या साडूंना जन्मभर कोणी पटवून देऊ शकलं नाही. मैदानाचंच कशाला, रस्त्याला, ताटाला, लग्नाच्या मांडवाला, सगळ्याला एकच बाजू असते आणि ती म्हणजे डावी, अशी त्यांची श्रद्धा आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. नागपुरात लहानाचे मोठे झाले, पुढे कलकत्त्याच्या एका क्लबाकडून व्यावसायिक फुटबॉल खेळले, मग काही हंगाम गोव्यात काढले, गुडघा गेला तेव्हा घरी परतले आणि आता सक्करदऱ्याकडच्या एका मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवतात. खेळले तो सगळा काळ ते डावीकडचे बचावपटू होते. म्हणजे आपल्या गोलाच्या डाव्या अंगाला उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम. ते त्यांनी इतकं मन लावून केलं, की आयुष्यात एकही गोल मारायला त्यांना सवड झाली नाही. उजव्या पायाचा विषय काढला तर म्हणतात, "तो देवानं बसमध्ये चढाले देला."

मी त्यांना प्रथम नीट पाहिलं ते माझ्याच लग्नात. स्टेजवर फोटो काढताना ते पार डाव्या टोकाला उभे होते. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा मधात या ना." साडू जागचे हलले नाहीत. "मधात बाकीचे आहेत. इकडून कोणी घुसलं त पाहणार कोण?" आणि खरोखरच त्या बाजूने माझे एक काका आहेर घेऊन वर येत होते. काका या अंगाने सरकले की साडू या अंगाला, त्या अंगाने सरकले की साडू त्या अंगाला. नजर काकांच्या चेहऱ्यावर नाही, पायांवर. त्यात वैर असं काही नव्हतं, निव्वळ सवय. शेवटी काकांनी आहेराचं पाकीट साडूंच्या काखेखालून माझ्यापर्यंत पोचवलं आणि हा इसम कोणाकडचा आहे, अशी चौकशी करत ते जेवायला गेले. आमच्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत साडू आहेत, आणि एकाही फोटोत ते कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत.

स्कूटरवर त्यांच्या मागे बसणं हा एक अनुभव आहे. उजवीकडे वळणं त्यांना मान्य नाही. उजवीकडे बर्डीच्या बाजारात जायचं असलं तरी ते डावीकडे वळतात, पुन्हा डावीकडे वळतात, पुन्हा एकदा वळतात, आणि जिथून निघालो त्या चौकातून हव्या त्या दिशेला लागतात. "उजवीकडे वळाले समोरच्याची परवानगी लागते. डावीकडे आपलं राज्य आहे," असं त्यांचं म्हणणं. जेवणाचंही तेच. पानात डावीकडे वाढलेलं मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर यांचा फडशा पाडल्याशिवाय ते उजवीकडे वळत नाहीत. तोवर मेहुणीबाईंच्या हातची झणझणीत वांग्याची भाजी गार होऊन तिच्यावर तेलाची साय धरते. मेहुणीबाईंनी पहिली काही वर्षं आदळआपट केली. मग त्यांनी काय करावं? भाजीच डावीकडे वाढायला सुरुवात केली. अशा बायका असतात म्हणून असे पुरुष खपून जातात.

आता हे गृहस्थ शिकवतात कसे, ते सांगतो. मला फुटबॉलमधलं चेंडू गोल असतो एवढंच कळतं, पण मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून साडूंची प्लास्टिकची खुर्ची उचलून नेण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे मी सगळं जवळून पाहिलं आहे. सामना सुरू झाला की ते आपल्या संघाच्या डाव्या हाताला, रेषेबाहेर खुर्ची टाकतात. तिच्यावर बसत मात्र नाहीत. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, म्हणजे डावी बाजू मैदानाच्या पलीकडे जाते. लगेच साडू निघतात, मागे मी खुर्ची, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन निघतो, आणि गोलपोस्टला वळसा घालून आम्ही पलीकडे बिऱ्हाड मांडतो. तिथे बहुतेक वेळा समोरच्या संघाचा कोच आधीच उभा असतो. त्याच्या कानाशी उभं राहून साडू आपले सगळे डावपेच ओरडून सांगतात. तो कोच खूश असतो, आम्हाला चहासुद्धा पाजतो.

या पद्धतीमुळे त्यांच्या संघाचे आपोआपच दोन भाग पडले होते. डावीकडच्या मुलींना श्वास घ्यायलाही साडूंची परवानगी लागे. समीक्षा नावाची मुलगी त्यांच्याच जागेवर, डावीकडे मागे खेळायची, आणि तिच्यावर तर तोफखानाच चालू असे. "समीक्षा, तिच्या पायाकडे पाहा, तोंडाकडे काय पाहून राहिली! लग्न जुळवाचं आहे काय?" उजवीकडच्या मुली मात्र मैदानाच्या पार त्या टोकाला. त्यांना साडू 'पल्याडच्या' म्हणत. पल्याडच्यांना त्यांचा एकच उपदेश होता, तोही सामन्याच्या आधी, "तिकडचं तुमचं तुम्ही पाहा." आमचा संघ जे गोल खायचा ते सगळे उजवीकडून खायचा. मी एकदा हे भीत भीत त्यांच्या लक्षात आणून दिलं. साडू म्हणाले, "खाल्ले असतील. मी काही पाह्यलं नाही."

हे रागावणं म्हणजे काय, ते मला एकदा त्यांनीच समजावलं होतं. आम्ही त्यांच्या गच्चीवर चहा घेत होतो. ते म्हणाले, "कलकत्त्याले आमचा कोच मले रोज शिव्या द्यायचा. बंगालीत. मले समजत नव्हत्या, पण बरं वाटे. एक दिवस मी चूक केली आन् तो काहीच नाही बोलला. दुसऱ्या दिवशीही नाही. मी खोलीवर आलो आन् ट्रंक भरली." मी विचारलं, "काढलं होतं का तुम्हाला?" ते म्हणाले, "काढलं नंतर गा. समजलं आधी." एरवी साडू कलकत्त्याबद्दल फार बोलत नाहीत. त्यांची इच्छा एकच होती. आपल्या हाताखालची एक तरी मुलगी तिथे खेळायला जावी, आणि ट्रंक भरून परत येऊ नये. ती मुलगी समीक्षा असणार, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

तशी वेळ आलीही. कामठीच्या एका सामन्याला कलकत्त्याच्या क्लबाची दोन माणसं येऊन बसली होती. चार दिवसांनी साडूंना फोन आला. मी समोरच होतो. साडूंनी एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने मेहुणीबाईंना साखर आणायची खूण केली. "हाव जी, लेफ्टवाली ना? समीक्षा," असं म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "कोण? पल्याडची?"

पल्याडची म्हणजे प्रणाली. कुहीजवळच्या खेड्यातून एसटीने यायची. बस रोज उशिरा, त्यामुळे ती पोचेपर्यंत डावीकडच्या जागा भरलेल्या असत आणि साडूंचं निम्मं शिकवून झालेलं असे. म्हणून तिला उजवीकडे पुढे उभी केली होती, ती तिथेच राहिली. साडूंनी समीक्षाला बोलावून घेतलं, कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव केली, आणि सांगितलं. समीक्षा टाळ्या पिटायला लागली. "प्रणाली जाऊन राहिली? मस्त! सर, ते त आपल्या टीममध्ये सगळ्यात भारी आहे. तुम्हाले माहीत नव्हतं काय?" साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा पट्टा नीट करू लागलो, कारण माहीत मलाही होतं.

खरा पेच पुढेच होता. प्रणालीचे वडील कुहीहून साडूंच्या घरी आले. धानाची शेती, एकुलती एक मुलगी, आणि कलकत्ता कुठल्या दिशेला हेही त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. पाण्याचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "सर, मले फुटबॉलातलं काही समजत नाही. घरचे सारे नाही म्हणून राहिले. पण तुम्ही पाठवा म्हणान, त पाठवतो. नाही म्हणान, त नाही." दुसरा कोणी असता तर छाती फुगवून हो म्हणून मोकळा झाला असता. साडू कासावीस झाले. त्यांनी त्या मुलीला कधी धड पाहिलंच नव्हतं, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर ते खोटं बोलू शकत नव्हते. "रविवारी सामना आहे," ते म्हणाले. "या. त्याच्यानंतर सांगतो."

रविवारी मी सवयीने खुर्ची घेऊन डावीकडे निघालो. मागून आवाज आला, "तिकडे नाही गा. इकडे." आमच्या साडूंनी त्या दिवशी पहिल्यांदा उजव्या रेषेवर पाय ठेवला. मैदानावर एकच कुजबुज झाली. पंचांनीही दोनदा वळून पाहिलं. आणि प्रणालीचा पार बट्ट्याबोळ झाला. सर आपल्या बाजूला आलेत हे पाहून तिचे पायच चालेनात. चेंडू आला की ती आधी साडूंकडे पाही, तोवर चेंडू निघून जाई. एकदा तर कोणी न पाडताच ती पडली. वडिलांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने साडू हळूच मागे सरकले आणि कडुनिंबाच्या खोडाआड जाऊन उभे राहिले. खोड काही त्यांना पुरत नव्हतं, पोट दोन्हीकडून दिसत होतं. पण सर गेले, असं मुलीला वाटलं असावं.

त्यानंतर ती पळायला लागली. खेळातलं मला कळत नाही हे मी आधीच सांगितलं आहे, पण कोणी आनंदाने पळत असेल तर तेवढं कोणालाही कळतं. समोरच्या मुली येत, ती त्यांना हुलकावणी देऊन पुढे जाई, आणि तिच्याकडे पाहून असं वाटे की खेळात एकमेकींना अडवायचं असतं, ही गोष्टच हिला कोणी कधी सांगितलेली नाही. मी झाडाकडे पाहिलं. जन्मभर लोकांना अडवण्यात गेलेला तो माणूस खोडाला गाल लावून पाहत होता. सामना संपला तेव्हा ते बाहेर आले आणि वडिलांना म्हणाले, "पाठवा." वडिलांनी त्यांचे हात धरले. "तुम्ही शिकवलं जी, म्हणून." साडूंना ते गोड मानून घेता आलं असतं. ते म्हणाले, "नाही जी. मी काहीच नाही शिकवलं. मी शिकवलं असतं, त ते थांबाले शिकली असती."

गाडी दुपारची होती. स्टेशनवर प्रणालीची आई, वडील, समीक्षा आणि निम्मा संघ जमला होता. साडू जरा बाजूला, अर्थातच डावीकडे, उभे होते. प्रणाली आत जाऊन खिडकीशी बसली आणि गजातून म्हणाली, "सर, एक विचारू? तुम्ही समीक्षाले रोज रागावत होते. मले एक दिवसही नाही रागावले. मले वाटे, का माझ्यात काही दमच नाही." साडूंचा चेहरा एकदम उतरला. मला गच्चीवर ऐकलेली ती ट्रंकेची गोष्ट आठवली.

तेवढ्यात गाडी हलली. साडूंनी खिडकीचा गज धरला आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "रागावलो नाही म्हणते? हे घे! रोज लेट येत होती तू! बस लेट, त आधीची बस नव्हती काय? बुटाची लेस कधी घट्ट बांधली नाही! डोकं खाली घालून पळते, बाजूले कोण उभी आहे ते पाहत नाही! डावा पाय काय शोभेले ठेवला आहे?" गाडीने वेग घेतला तसे ते गुडघा सांभाळत, लंगडत बाजूने चालू लागले. हमाल थांबले, चहावाला थांबला. "तिथं कोणी शिव्या दिल्या, त ऐकून घेजो! नाही दिल्या, त मले फोन करजो! समजलं का वं?" आतून आवाज आला, "हाव सर!" पोरगी डोळे पुसत होती आणि हसत होती. शेवटचा डबा निघून गेला तरी साडूंचं बोट वरच होतं.

मग ते सावकाश परत आले. घामाने भिजले होते. इकडेतिकडे पाहून मला हळूच म्हणाले, "साडभाऊ, जास्त झालं का गा?"

मी म्हणालो, "नाही भाऊ. उलट कमीच झालं."

रिकाम्या रुळांकडे पाहत त्यांनी मान हलवली. "हाव," ते म्हणाले. "बरंच राहून गेलं."