कढीलिंबाला केलेला उपदेश

कॉफी घ्या, आणि माझं हसं कसं झालं ते ऐका. कुंभकोणमात वेडे पुष्कळ असतील, पण कढीलिंबाला रोज सकाळी मराठीतून उपदेश करणारा मी एकटाच.

आमचं जुनं घर विकलं, तेव्हा परसातला आईचा कढीलिंबही गेला. काय झाड होतं ते! आई गेल्यावरसुद्धा त्याची पानं चुरली की तिच्या हाताचा वास यायचा. त्याच्या मुळाला फुटलेलं एक रोप तेवढं वाचलं. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणाली, "मजकडे दे. चोळपुरमला माझ्या परसात लावते."

मी हट्टाला पेटलो. धाकटा मी, आईचं झाड माझ्याकडेच राहणार, मेलकावेरीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत का होईना. आणि ते काय साध्या कुंडीत लावायचं? भांड्यांच्या दुकानातून पितळेची कुंडी आणली, खाली भोक पाडून घेतलं. चिंचेनं घासून लखलखीत ठेवायचो.

कुंडी लखलखली, झाड काही हलेना. गुडघ्याएवढं झालं आणि तिथंच थांबलं. शेणखत घातलं, आंबट ताक घातलं, तरी पानं पिवळी. ते गेलं असतं तर आईचं हिरवं असं काही उरलं नसतं. मला जेवण गोड लागेना.

मग एकदम आठवलं. आई झाडाशी बोलायची! लहानपणी मी या कानांनी ऐकलंय. परसात उभी राहून म्हणायची, "काय रे, असाच उभा राहणार? शहाणा हो. मोठा हो. नाव काढ." आणि झाड छपराच्या वर गेलं होतं की नाही?

आता आम्हा तंजावरी मराठी लोकांची रीत अशी, की उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. बाल्कनी आत की बाहेर? माझी बायको कमला तिथं उभी राहून शेजारच्या मामींशी तासन्‌तास तमिळमध्ये बोलते. म्हणजे आईच्या झाडाच्या कानावर कधी मराठी पडलंच नव्हतं. रोगाचं निदान पक्कं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरू. "शहाणा हो रे. मोठा हो. नाव काढ." रोप ढिम्म. माझा आवाज चढत गेला.

मामींना मराठी कळत नाही. त्यांना वाटलं, मी रोज सकाळी कमलावर ओरडतो. त्या तिला दारात गाठून हळूच विचारायच्या, "इतका राग का येतो गं त्यांना?" आणि हातावर वाटीभर पायसम ठेवायच्या. कमलानं खुलासा केला असेल म्हणता? छे. मला म्हणाली, "पायसम फार चांगलं करतात हो त्या. बोला तुम्ही."

शेवटी एकदा अक्का आली, तर मामींनी तिला जिन्यातच गाठून सांगितलं, भावाला जरा आवरा. अक्का तडक बाल्कनीत. तिनं कुंडी आडवी केली, चार धपके मारले आणि झाड ओढून बाहेर काढलं.

"अय्यो, ह्यात माती कोठे आहे रे?"

माती जवळजवळ उरलीच नव्हती. मुळं पितळेला धडकून गोल गोल फिरत राहिली होती. कुंडीच्या आत मुळांची दुसरी कुंडीच विणली गेली होती.

"पाय पसरायास जागा नाही, वर कसा जाईल बापुडा?" अक्का म्हणाली. "खाली जागा असेल तितकाच वर वाढतो तो. उपदेश कशास करतोस?"

मी मुकाट्यानं झाड तिच्या स्वाधीन केलं. तिनं चोळपुरमला मुळांचा गुंता सोडवून ते जमिनीत लावलं. त्याला दोन वर्षं झाली. परवा गेलो, तर ते अक्काच्या डोक्याच्या वर. पान चुरलं. तोच वास. माझे डोळे भरून आले, आणि सवयीनं तोंडातून निघालं, "शहाणा हो रे. मोठा हो. नाव काढ."

"अजून हे आहेच का?" अक्कानं विचारलं.

"आई नाही का झाडाला सांगायची?"

अक्का हसत हसत विहिरीच्या कठड्यावर बसली. "आई झाडास कशास सांगेल रे? अभ्यास चुकवून तू त्याच्या आड लपायचास. तुझी चड्डी दिसायची. ती तुला सांगायची."

माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून मग तिनं झाडाकडे बघितलं.

"असू दे," ती म्हणाली. "एकानं तरी ऐकलं."