माडीवाल्या काकी

काकी आधी फडकं आपटायच्या, मग बोलायच्या. टेबलावर ओल्या फडक्याचा ‘फट्’ असा आवाज झाला की दुकानातल्या चौघा म्हाताऱ्यांच्या माना वर व्हायच्या आणि काकी म्हणायच्या, “उठा मेल्यांनो, बायका वाट बघतायत. ज्यांच्या मेल्या, त्यांनी निदान माझी वाट सोडा.”

त्या रत्नागिरीत माडीचं, म्हणजे नारळाच्या ताडीचं, दुकान चालवायच्या. दुकानामागच्या खोलीत मी कॉलेजची तीन वर्षं राहिले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे शिकायला आलेल्या मुलीने कुठे राहावं याचा घरात कुणालाच अनुभव नव्हता. देवरूखकडच्या आमच्या वाडीतून आईने फोनवर विचारलं होतं, “पुढे दुकान कसलं आहे?” काकी म्हणाल्या, “पेयाचं.” आईला वाटलं उसाचा रस. पुढे कधीतरी तिला कळलं, पण तोवर काकींनी तिला दोनदा सुक्या कोळंबीचे सोडे पाठवले होते. मग तीही काही बोलली नाही.

तुम्हीही अशी दुकानं पाहिली असतील. कौलारू पडवी, चार बाकडी, भिंतीला टेकलेले म्हातारे. या दुकानातले म्हातारे मात्र कौलांच्या कारखान्यातले होते. खाडीकडचा तो कारखाना बंद पडून किती वर्षं झाली यावर चौघांचं एकमत नव्हतं. पण बाकडी अजून खात्यांप्रमाणे होती. भट्टीवाल्यांचं बाकडं आत, कारण त्यांना म्हणे थंड जागा लागते. साच्यावाले खिडकीशी. चिखल तुडवणारे दाराशी, कारण पूर्वी त्यांचे पाय भरलेले असायचे. आता प्रत्येक खात्याचा एकेकच माणूस उरला होता. एका लांबलचक बाकड्यावर एकटा बसायचा, आणि दुसऱ्या खात्याच्या बाकड्यावर जाऊन बसणं म्हणजे मोठा गुन्हा.

चौथे भोंगाकाका. हे कारखान्याचा भोंगा वाजवायचे. त्या नोकरीत त्यांचे कान गेले आणि आवाज राहिला. ते कानात सांगितल्यासारखं बोलायचे तेव्हा रस्त्यावरची रिक्षा थांबायची.

एकदा पुण्याची दोन मुलं कॅमेरा घेऊन आली. त्यांना जुनं रत्नागिरी शूट करायचं होतं. त्यातला एक नेमका भट्टीच्या बाकड्यावर बसला.

“तिथे नको,” काकी म्हणाल्या. “ती भट्टी आहे.”

मुलगा दचकून उठला आणि बाकड्याखाली वाकून बघू लागला.

“मेनू आहे का?” दुसऱ्याने विचारलं.

“आहे ना. माडी. ती नको असली तर दार.”

मग त्यांनी भोंगाकाकांना मोठ्याने विचारलं, “आजोबा, ते जुने दिवस आठवतात?”

“आठवतात तर!” भोंगाकाका ओरडले. “घाण होते! चिखल, धूर आणि मॅनेजर! हिच्याकडे येऊन घसा धुवायचा, म्हणून जगलो!”

मुलांना हे नको होतं. त्यांनी पुन्हा विचारलं. भोंगाकाकांनी पुन्हा तेच सांगितलं, फक्त ‘मॅनेजर’ या शब्दाच्या जागी दुसरा शब्द वापरला. तो मला इथे लिहिता येणार नाही.

काकींना कारखान्याचं कौतुक नव्हतं, कौलांचं नव्हतं, स्वतःच्या दुकानाच्या जुनेपणाचं तर नव्हतंच. “जुना म्हणजे काय गो? गळका,” असं त्या म्हणायच्या. अभिमान एकाच गोष्टीचा होता. त्यांच्या माडीत पाण्याचा थेंब नसे, पावडरीची चिमूट नसे. मागच्या आगरातले माड, सकाळ-संध्याकाळ उतरणारी माडी, ती तशीच्या तशी पेल्यात. “माझा गिऱ्हाईक फाटका असंल,” त्या म्हणायच्या, “पण जीभ अस्सल हाय त्याची. थेंबभर पाणी घाल, बाहेर जाऊन थुंकंल.”

मी तिसऱ्या वर्षाला असताना मागचं आगर विकलं गेलं. माड पडले. तिथे उठणाऱ्या इमारतीला नाव मात्र माडांवरूनच दिलं. बोर्ड लागला तेव्हा काकी तो वाचायला बाहेर आल्या. मग म्हणाल्या, “मेल्याला पुरून वर त्याच्याच नावाची पाटी. बरोबर हाय.”

एक माणूस मोटारसायकलवरून येऊन पावडरची माडी कॅनमधून पुरवतो म्हणाला. काकींनी त्याला जे सांगितलं ते ऐकून तो मोटारसायकल सुरू करायची विसरला आणि ढकलत घेऊन गेला.

त्या दुपारी काकी स्वयंपाकघरात नारळाचं पाणी, साखर आणि बेकरीतून आणलेलं यीस्ट कालवत होत्या. मी विचारलं, “काकी, हे काय?”

“परीक्षा,” त्या म्हणाल्या. “तुझीच असते काय दर वेळी? पावस गावाला माझ्या भावाचे माड हायत. रोज पहिल्या गाडीने जाऊन माडी आणायची म्हणजे या गुडघ्यांची वाट. पण हे मेले आज तोंडातला थुंकले, शिव्या दिल्या, तर उद्यापासून जाणार. मग कोण अडवतो बघते.”

“आणि प्यायले तर?”

त्यांनी चमचा चाटून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

संध्याकाळी चौघं आपापल्या खात्यात बसले. काकींनी पेले ठेवले. मी दाराआडून बघत होते. मला पुस्तक वाचायचं होतं, पण खरं सांगायचं तर वाचन होत नव्हतं.

भट्टीवाल्यांनी घोट घेतला. थांबले. गिळला. साच्यावाल्यांनी भिंतीकडे बघत गिळला. चिखलवाले तर दाराशीच होते, थुंकायला दोन पावलंसुद्धा चालायला नको होतं. त्यांनीही गिळला. आणि भोंगाकाका ओरडले, “वा! आज एक नंबर!”

“हो, झकास,” भट्टीवाले म्हणाले.

काकींनी फडकं उचललं. आता ‘फट्’ होणार असं मला वाटलं. पण त्यांनी फडक्याची घडी घातली, टेबलाच्या कडेला ठेवली आणि म्हणाल्या, “बसा हं तुम्ही. सावकाश प्या.”

‘मेल्यांनो’च्या जागी ‘तुम्ही’ ऐकून चौघांचेही चेहरे उतरले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. चौघं पडवीत येऊन उभे राहिले, शेवटी मागच्या दाराने आले. साच्यावाले म्हणाले, “वहिनी, आम्हाला पहिल्या घोटातच कळला होता.”

“काय कळला?”

“साखरेचा पाणी हाय ते. पण माड तुटले, आता बोललो तर वहिनी दुकान बंद करंल, असा वाटला. म्हणून…”

“म्हणून गिळलात.”

“अवघड गेला गो!” भोंगाकाका ओरडले. “रात्रभर पोटात भट्टी!”

मला वाटलं आता काकी हसतील, दोन शिव्या घालतील आणि पावसच्या गाडीची वेळ विचारतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “गिऱ्हाईक मालकिणीला सांभाळून घ्यायला लागला की दुकान संपला. चहा घेणार तुम्ही?”

काकींचं मुलाकडे डोंबिवलीला जायचं ठरलं. बांधाबांध होईपर्यंत चौघं रोज येत होते. काकी रोज चहा देत होत्या आणि सगळ्यांना अहो-जाहो करत होत्या. “साखर पुरे का तुम्हाला?” “बरं वाटतं ना आता?” चौघं कप हातात धरून बसायचे. कुणी गेल्यानंतर घरात असतं ना, तसं वाटायचं. मीही खोलीत जाऊन बसायचे.

जायच्या दिवशी आम्ही सगळे एसटी स्टँडवर गेलो. भोंगाकाका तेवढे नव्हते. काकी खिडकीशी बसल्या, मला म्हणाल्या, “अभ्यास कर हो नीट.” मलासुद्धा ‘मेले’ म्हणाल्या नाहीत. ड्रायव्हर गाडीत चढला, तेवढ्यात भोंगाकाका फलाटावरून धापा टाकत आले. हातात बाटली, वरचं बूच सैल, फेस बोटांवर उतरलेला.

“पावसवरून आणली!” ते ओरडले. अख्ख्या स्टँडने वळून बघितलं. “तुझ्या भावाच्या माडाची! पहाटेची!”

काकींनी बाटली घेतली. कंडक्टर म्हणाला, “ओ आजी, गाडीत ते काय?” त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. एक घोट घेतला, तोंडात घोळवला. खाली आम्ही सगळे माना वर करून उभे.

त्या खिडकीतून पचकन थुंकल्या. भट्टीवाले वेळेवर बाजूला झाले.

“पाणी घातलान!” काकी किंचाळल्या. “माझ्या भावाच्या माडीत पाणी घातलान या मुडद्यानं! अरे भोंग्या, तुझे कान गेले तेव्हाच जीभ पण छाटायला हवी होती! आणि तुम्ही काय दात काढताय रे, गाढवांनो…”

गाडी मागे आली, वळली आणि फाटकाकडे निघाली. काकींचा हात खिडकीबाहेरच होता, एकेकाकडे बोट दाखवत. शब्द ऐकू येईनासे झाले तरी बोट चालू होतं.

मी भोंगाकाकांच्या कानाशी जाऊन विचारलं, “काका, खरंच पाणी होतं?”

“तांब्याभर,” ते म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “इतके दिवस अहो-जाहो करत होती. तशीच जाऊ द्यायची काय तिला?”